परतीच्या पावसानंतर सोलापुरात अळंबी कुठे बघावी आणि कशी ओळखावी

प्रश्न थोडक्यात असा: "आम्ही विजापूर रोडला राहतो. ऑक्टोबरच्या सुट्टीत दोन्ही मुलांना घेऊन जवळच्या रानात अळंबी बघायला जायचं म्हणतोय. पण आपल्याकडचं रान कोरडं. इथे अळंबी सापडते का? सापडली तर ओळखायची कशी? आणि यातली खाण्याजोगी कोणती?"

सापडते, फक्त दिवस धरून जावं लागतं. कोकणात आणि महाबळेश्वरला चार महिने ओल असते, तिथे कधीही गेलात तरी काही ना काही दिसतं. आपला जिल्हा पर्जन्यछायेतला. मृग-आर्द्रा बऱ्याचदा हुलकावणी देतात, श्रावणात नुसती भुरभुर, आणि खरा पाऊस येतो सप्टेंबरात. उत्तरा-हस्ताचा पाऊस पडला की इकडे रब्बी ज्वारीच्या पेरणीची घाई सुरू होते आणि त्याच सुमारास माळावर, वारुळांवर, उकिरड्यांवर छत्र्या वर येतात. दसऱ्याच्या आगेमागे पाऊस झाला असेल तर तुमच्या सुट्टीचा मुहूर्त अगदी बरोबर आहे.

पाऊस पडला की दुसऱ्याच दिवशी मात्र धावू नका. जमिनीत, शेणात किंवा लाकडात पसरलेलं पांढऱ्या धाग्यांचं जाळं ही खरी बुरशी. अळंबी हे तिचं फळ. जाळ्याला ओल मिळून फळ धरायला वेळ लागतो. चांगला भिजपाऊस झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून पुढचा आठवडाभर बघायला उत्तम. मधे ऊन कडक पडलं तर हा काळ आणखी आखडतो. सकाळी सात ते नऊ ही वेळ धरा. शेणावरच्या नाजूक छत्र्या दहाच्या उन्हात मान टाकतात, आणि मग मुलांना दाखवायला काळा चिखल तेवढा उरतो.

आता ओळखण्याचं. नवीन माणूस अळंबी दिसली की आधी टोपीचा रंग बघतो. रंगाने फार फसगत होते, कारण तीच टोपी पावसात तपकिरी, उन्हात फिकी आणि म्हातारपणी मळकट दिसते. मी वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना एकच सवय लावत आलो: खाली वाकायच्या आधी विचारा, ही उगवलीय कशावर? वारुळावर, शेणावर, लाकडावर, गवतात, की पालापाचोळ्यात? आपल्यासारख्या कोरड्या मुलखात एवढ्या एका प्रश्नाने निम्मं काम होतं. प्रत्येक बुरशीचं खाणं ठरलेलं आहे आणि ती त्या खाण्याजवळच उगवते. कोकणात सगळंच सगळ्यात मिसळलेलं असतं. आपल्याकडे वारूळ वेगळं दिसतं, शेण वेगळं दिसतं, वाळकी बाभूळ वेगळी दिसते. शिकणाऱ्याच्या दृष्टीने सोलापूरचा माळ ही फार चांगली शाळा आहे.

वारुळापासून सुरुवात करू, कारण आपल्या भागातली सगळ्यात नवलाची गोष्ट तिथेच आहे. वाळवीच्या काही जाती वाळकं गवत, काटक्या, पालापाचोळा जमिनीखाली नेतात आणि अर्धवट पचवून त्याचे स्पंजासारखे सच्छिद्र गोळे रचतात. त्या गोळ्यांवर त्या एक विशिष्ट बुरशी वाढवतात आणि ती खातात. लाकडातला आणि गवतातला जो कठीण भाग वाळवीला स्वतःला पचत नाही, तो ही बुरशी फोडून देते. शास्त्रात तिला टर्मिटोमायसिस म्हणतात; रॉजर हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1942 साली हा गट नोंदवला. पावसाने जमीन भिजली की या भूमिगत मळ्यातून कोंब निघतो आणि माती फोडून वर छत्री उघडतो. मोठ्या जाती मुख्यतः पावसाळ्याच्या पहिल्या निम्म्यात येतात, पण आपल्याकडे पाऊसच सप्टेंबरात येत असेल तर त्याही उशिरा दिसतात. शिवाय एक अगदी बारकी जात आहे, नखाएवढ्या टोप्यांची. ती एकटीदुकटी येत नाही. वारुळाच्या आसपासची जमीन शेकड्यांनी पांढरी करून टाकते.

मोठी वारुळाची अळंबी दिसली तर मुलांना तीन गोष्टी दाखवा. टोपीच्या मधोमध टोकदार उंचवटा असतो. माती फोडून वर यायचं तर असं टोक लागतंच. टोपीखालची पाती आधी पांढरी असतात आणि वय होईल तशी फिकट गुलाबी होतात. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: दांडा जमिनीशी संपत नाही. बाजूची माती बोटाने हळूच सरकवलीत तर तो खाली मुळासारखा निमुळता होत जाताना दिसेल, आणि तो थेट वाळवीच्या त्या गोळ्यापर्यंत गेलेला असतो, कधी वीतभर, कधी हातभर खोल. त्याच्या तळाला पिशवी, म्हणजे दांड्याभोवतीचं फाटलेलं कवच, नसते. एवढं बघा आणि माती परत सारून ठेवा. वारूळ खणू नका. एक तर त्यात नाग असू शकतो. दुसरं म्हणजे वाळवीची वसाहत मोडली की त्या जागची अळंबी कायमची गेली.

माळावर मेंढरं चारणाऱ्या धनगर मामांना या अळंबीबद्दल विचारा, त्यांच्याकडून पुस्तकाबाहेरचं बरंच कळतं. नान्नजच्या बाजूला भेटलेल्या एका मामांनी मला सांगितलेलं वाक्य मी पुढे प्रत्येक तुकडीला ऐकवलं: "आमच्या आज्ज्यानं दावली तीच खातो. दुसरी कंची बी असू दे, हात लावत न्हाय." खाण्याच्या मुद्द्यावर पुढे येतोच.

वारुळावर आणि मुरमाड माळावर आणखी एक दिसते, आणि ती कोरड्या मुलखाचीच आहे: पोडॅक्सिस. न उघडलेली छत्री जमिनीत उभी खोचावी तशी, टोपी लांबट आणि खवल्याखवल्यांची, दांडा लाकडी. ही टोपी कधीच छत्रीसारखी पसरत नाही. कोवळेपणी आतून पांढरी असते, मग आतल्या आत काळपट भुकटी होते आणि टोपीच्या खालच्या कडेने ती वाऱ्यावर उडते. सुकल्यावरही आठवडेच्या आठवडे तशीच ताठ उभी राहते, त्यामुळे पाऊस होऊन बरेच दिवस गेले असले तरी ही भेटू शकते. राजस्थानात कोवळी असताना खातात. वारुळाच्याच आसपास काळी, बोटासारखी कडक टोकं वर आलेली दिसली तर ती झायलॅरिया. वाळवी सोडून गेलेल्या वारुळात ती बहुधा उगवते. म्हणजे वरून बघूनच आतली वसाहत नांदती आहे की उठलेली, याचा अंदाज बांधता येतो.

आता हिरवळ. तुम्हाला रानात जायच्याही आधी जी दिसणार आहे ती इथली, आणि मला सगळ्यात जास्त काळजी वाटते तीही हीच. सोसायटीचं लॉन, शाळेचं मैदान, बागेतली हिरवळ, बंगल्याचं अंगण, कुठेही पाऊस झाला की मोठ्या पांढऱ्या छत्र्या येतात, बऱ्याचदा गोल रिंगण धरून. टोपी ताटलीएवढी रुंद होऊ शकते, पांढरी, वर मधोमध तपकिरी खवले. दांड्यावर बांगडीसारखं वलय, ते वरखाली सरकतं. कोवळी असताना टोपी गोल आणि मिटलेली. दिसायला इतकी स्वच्छ आणि भरदार की पिशवीत भरून घरी न्यायचा मोह होतो. हिचं नाव क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस, आणि ही विषारी आहे. खाल्ल्यावर साधारण एक ते तीन तासांत उलट्या आणि जुलाब सुरू होतात, जुलाबात कधी रक्तही पडतं. धडधाकट माणूस सहसा यातून वाचतो, पण लहान मुलाच्या अंगातलं पाणी इतक्या वेगाने जातं की दवाखाना गाठावाच लागतो.

हिची ओळख पटवायचा खात्रीचा मार्ग घरच्या घरी करता येतो आणि मुलांना तो फार आवडतो. पूर्ण उघडलेली एक टोपी घ्या आणि दांडा पात्यांच्या पातळीवर कापून टाका. कागदाचा अर्धा भाग पांढरा आणि अर्धा काळा असेल असे दोन तुकडे चिकटवून घ्या. त्यावर पाती खाली येतील अशी टोपी ठेवा, वरून एक निकामी वाटी पालथी घाला आणि रात्रभर हलवू नका. सकाळी टोपी अलगद उचला. पात्यांमधून गळलेल्या बीजाणूंची, म्हणजे बुरशीच्या अतिसूक्ष्म बियांची, बारीक भुकटी कागदावर बसलेली असते, पात्याच्या प्रत्येक रेषेसकट. क्लोरोफायलमची भुकटी मळकट हिरवी पडते. हिरवा ठसा देणाऱ्या अळंब्या जगात फार थोड्या आहेत, त्यामुळे हिरवा रंग दिसला की प्रश्न मिटला. जून टोपी उलटी करून पाहिलीत तर पात्यांवरही तीच हिरवट राखाडी झाक असते. पण कोवळ्या टोपीची पाती पांढरीशुभ्र असतात, आणि लोक नेमक्या कोवळ्याच उचलतात.

याच पद्धतीने बाकीचेही ठसे घ्या. रानात आणि हिरवळीवर उगवणाऱ्या अ‍ॅगॅरिकसची पाती आधी गुलाबी असतात, मग चॉकलेटी होतात, ठसा गडद तपकिरी. बाजारात डब्यात मिळणारी बटण अळंबी याच गटातली, म्हणून लोकांना ती ओळखीची वाटते. पण या गटातही एक दगा देणारी जात आहे: दांड्याचा तळ चिरला की झटकन पिवळाधमक होतो आणि फिनेलसारखा वास येतो. तिनेही पोट बिघडतं.

उकिरडा, कडब्याची कुजलेली गंज, उसाच्या पाचटाचा ढीग, अशा ठिकाणी राखाडी टोपीची, गुलाबी पात्यांची अळंबी झुबक्याने येते. हिच्या तळाशी फाटलेली पिशवी असते आणि दांड्यावर वलय नसतं. ही व्होल्व्हॅरिएला. आशियात अनेक देशांत ती भाताच्या पेंढ्यावर मुद्दाम पिकवतात. ही ओळख मी मुद्दाम सांगतोय, कारण तळाची पिशवी हे जगातल्या सगळ्यात घातक अळंब्यांचंही लक्षण आहे. त्या अमानिटा गटातल्या. त्यांची पाती आणि ठसा पांढरा, दांड्यावर बहुधा वलय, आणि त्या जमिनीतून झाडाच्या मुळांच्या साथीने येतात. या गटाची भागी मुख्यतः साल, ओक, पाइन अशा झाडांशी असते. कडुनिंब, बाभूळ, बोर, चिंच ही आपली झाडं तशा भागीतली नव्हेत, म्हणून आपल्याकडे अमानिटा कमी. पण कमी म्हणजे नाहीच असं समजू नका. बाहेरून आणून लावलेल्या झाडांबरोबर त्यांच्या बुरशाही येतात. म्हणूनच जमिनीवरची कोणतीही अळंबी बघताना तळ न तोडता, मातीसकट उकरून बघायची. नुसती टोपी खुडली की नेमका पुरावा जमिनीत राहतो.

बाहेरून आणलेल्या झाडांचं एक चांगलं उदाहरण निलगिरीचं. निलगिरीच्या लागवडीत जमिनीतून अर्धवट वर आलेला, तपकिरी, ओबडधोबड गोळा दिसला तर काडीने फोडून बघा. आत पिवळे-तपकिरी बारीक दाणे खच्चून भरलेले असतात आणि हाताला पक्का रंग लागतो. हा पिसोलिथस. मुळांशी भागी करून तो झाडाला पाणी आणि स्फुरद मिळवून देतो.

माळावरच्या गवतात पांढरे चेंडूही येतात, लिंबाएवढ्यापासून नारळाएवढ्यापर्यंत. हे पिकले की वरून तोंड उघडतं किंवा साल फाटते, आणि बोटाने टिचकी मारली की तपकिरी धूर निघतो. मुलांना एक-दोन टिचक्या मारू द्या, पण तोंड लांब ठेवून. ती भुकटी श्वासात जाऊ देऊ नका. कोवळा चेंडू उभा चिरला तर आत एकसारखं पांढरं हवं. आत छत्रीची आकृती दिसली तर तो चेंडू नव्हे, मिटलेली अळंबी आहे, आणि ती अमानिटाही असू शकते. आत जांभळट काळं आणि साल जाड-कडक असेल तर तो स्क्लेरोडर्मा, तोही विषारी. कधी बाहेरची साल चांदणीसारखी उलगडून मधे छोटा गोळा बसलेला दिसतो, ती भूतारका.

शेणाचं थोडक्यात. गाई-म्हशींच्या जुन्या पोवांवर लांब बारीक दांड्याच्या, राखाडी, घंटेच्या आकाराच्या टोप्या येतात. त्यातल्या काही थोड्याच तासांत कडेपासून विरघळून काळी शाई होऊन गळतात. बीजाणू पसरवायची ती त्यांची रीत आहे. यातली कोणतीही तोंडात घालण्याजोगी नाही, काहींमुळे भ्रम होतो, आणि त्याचं कुणाला कौतुक वाटत असेल तर ते वेळीच मोडून काढा. मुलांसाठी मात्र शेण ही मजेची जागा आहे. शेणाच्या कडेला किंवा कुजक्या काटकीवर मिरीएवढे-मटाराएवढे छोटे पेले शोधा. त्यांच्या आत मसुरीसारखे चपटे दाणे असतात. पेल्यात पावसाचा थेंब पडला की हे दाणे उडून हात-दीड हात लांब जाऊन पडतात. ड्रॉपरने थेंब टाकून घरीही बघता येतं.

लाकडावरच्या अळंब्या सगळ्यात भरवशाच्या. पाऊस हुकला, सुट्टी उशिरा मिळाली, तरी या असतातच. बाभळीच्या, आंब्याच्या, सुबाभळीच्या वाळक्या फांदीवर राखाडी, केसाळ, नखाएवढे पंखे ओळीने लागलेले दिसतील. एक काढून उलटा करा आणि साधं भिंग लावा: खालची पाती मधोमध उभी चिरलेली असतात. हे शिझोफायलम. उन्हात त्या चिरलेल्या कडा आत वळतात आणि बीजाणूंची जागा झाकून घेतात. पाणी मिळालं की परत उघडतात. वाळकी फांदी घरी नेऊन वाटीभर पाण्यात ठेवलीत तर काही तासांत मुलांच्या डोळ्यांदेखत पंखे फुलतील. नर-मादी अशा दोनच भेदांऐवजी या बुरशीत जोडीचे वीस हजारांहून जास्त प्रकार आहेत, त्यामुळे तिला जोडीदार जवळपास कुठेही मिळतो. मणिपूरमध्ये ती आवडीने खातात.

गुलमोहराच्या, सुबाभळीच्या बुंध्याशी लालसर तपकिरी, वॉर्निश दिल्यासारखी चकचकीत, लाकडी अळंबी असेल तर ती गॅनोडर्मा. तिच्या आसपास सगळीकडे कोकोसारखी भुकटी साचलेली असते. दिसायला देखणी आहे, पण ती बुंध्याशी आली म्हणजे मूळ आतून सडायला लागलंय. रस्त्याकडेच्या किंवा शाळेच्या आवारातल्या झाडावर दिसली तर नुसता फोटो काढून पुढे जाऊ नका, ज्यांच्या ताब्यात ते झाड आहे त्यांना सांगा. वळवाच्या वादळात अशीच झाडं आडवी होतात.

जायचं कुठे? तुम्ही विजापूर रोडलाच आहात, तर पहिली फेरी सिद्धेश्वर वनविहारात करा. झाडोरा दाट, खाली पालापाचोळा, पडलेली लाकडं, आणि पायवाटा असल्याने मुलांना सोपं. दुसरी फेरी तुळजापूर रोडवरच्या हिप्परगा तलावाच्या काठच्या चराऊ जमिनीवर. शेणावरच्या आणि गवतातल्या तिथे शोधा. मोकळा माळ बघायचा तर बार्शी रोडने नान्नजला जा. ते माळढोकचं अभयारण्य आहे, त्यामुळे ठरलेल्या वाटेवरूनच हिंडायचं आणि काहीही उचलायचं नाही, अळंबीसुद्धा. ज्यांना पूर्ण दिवस काढता येतो त्यांनी बार्शीच्या पुढे येडशीजवळच्या रामलिंगला जावं. तेही अभयारण्यच, पण बालाघाटच्या घळीत ओल जास्त टिकते आणि लाकडावरच्या बुरशा तिथे भरपूर आहेत. आणि घरातल्या कुंड्या विसरू नका: पावसाळी हवेत कुंडीत लिंबाच्या रंगाची नाजूक पिवळी छत्री येते. झाडाला तिचा काही त्रास नाही, पण रांगणारं मूल घरात असेल तर काढून टाका.

पायात बूट हवेत, चपला नकोत. हातात काठी घ्या आणि दगड किंवा ओंडका उलटायच्या आधी तिने आपटा. या दिवसांत घोणस आणि फुरसं दोन्ही आपल्या माळावर असतात. प्लॅस्टिकची पिशवी घेऊ नका, तीत अळंबी घामेजून तासाभरात ओळखू येईनाशी होते. कागदात गुंडाळून डब्यात ठेवा. फोटो काढताना वरून एक, बाजूने एक, खालच्या पात्यांचा एक आणि उकरलेल्या तळाचा एक असे चार तरी काढा, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून. वरून काढलेल्या एकट्या फोटोवरून जाणकारालाही नाव सांगता येत नाही. मोबाइलवरचं अ‍ॅप जे नाव सुचवेल ते शोधाची सुरुवात म्हणून घ्या, उत्तर म्हणून नको.

आता खाण्याचं. माझं उत्तर सरळ आहे: खाऊ नका. वारुळाची अळंबी उत्तम लागते, हे खरं. पण ती खाणारी माणसं लहानपणापासून त्याच माळावर, त्याच वारुळांवर, घरच्या वडीलधाऱ्यांबरोबर ती काढत आलेली असतात. माझं हे उत्तर वाचून किंवा फोटो बघून ती जाण येत नाही. लोकांत ज्या परीक्षा चालतात त्या सगळ्या खोट्या आहेत. चांदीचं नाणं काळं पडतं, लसूण काळा पडतो, किड्याने खाल्लेली चालते, शेळीने खाल्लेली चालते, उकळली की विष जातं, यातलं एकही खरं नाही. अमानिटातलं विष शिजवून, वाळवून जात नाही, आणि गोगलगायी-किडे ती अळंबी खुशाल खातात.

त्या विषाची चाल नीट समजून घ्या, कारण लोक इथेच फसतात. खाल्ल्यावर सहा तास, कधी बारा तास, कधी त्याहून जास्त वेळ काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब. मग साधारण दुसऱ्या दिवशी उतार पडतो आणि माणूस बरा झाला असं घरच्यांना वाटतं. त्याच वेळी आत यकृत निकामी होत असतं. लेपिओटा नावाच्या गटातल्या काही लहान, खवलेदार, बागेत उगवणाऱ्या जातींतही हेच विष आहे. म्हणून कुणी चुकून रानची अळंबी खाल्ली असेल तर त्रास सुरू व्हायची वाट बघू नका. 108 ला फोन करा किंवा थेट सिव्हिलला न्या. उरलेली अळंबी, भाजी, निदान टाकलेले तुकडे कागदात बांधून बरोबर घ्या, आणि किती वाजता खाल्ली ते डॉक्टरांना सांगा. बरोबर जेवलेल्या बाकीच्यांनाही न्या, त्यांना काही होत नसलं तरी.

नुसता हात लावल्याने मात्र विषबाधा होत नाही. मुलांना पाती चाचपू द्या, वास घेऊ द्या, दांडा चिरून बघू द्या. बोट तोंडात जाऊ देऊ नका आणि डबा उघडायच्या आधी सगळ्यांचे हात साबणाने धुवा. दोन-अडीच वर्षांचं मूल बरोबर असेल तर हिरवळीवर एक माणूस त्याच्यासाठीच ठेवा.

खायचीच हौस असेल तर घरी धिंगरी, म्हणजे ऑयस्टर मशरूम, लावा. आपल्याकडे गव्हाचं काड आणि ज्वारीचा कडबा दोन्ही मुबलक. बोटभर तुकडे करून रात्रभर पाण्यात भिजवा, मग कडक गरम पाण्यात तासभर ठेवून निथळा. हाताने पिळलं तर थेंब गळू नये एवढीच ओल हवी. प्लॅस्टिकच्या पिशवीत काडाचा थर, धिंगरीचं बियाणं, पुन्हा थर असं भरा, तोंड बांधा, बाजूंना भोकं पाडा आणि अंधाऱ्या, गार खोलीत ठेवा. दोन-तीन आठवड्यांत सगळी पिशवी आतून पांढऱ्या धाग्यांनी भरते. रानात मातीखाली जे दिसत नाही ते जाळं मुलांना इथे रोज बघायला मिळतं. मग पिशवी कापून काढा, खोलीत थोडा उजेड आणि खेळती हवा येऊ द्या, दिवसातून दोन-तीनदा पाण्याचा फवारा मारा. दिवाळीनंतरची सोलापूरची हवा याला चांगली मानवते. उन्हाळ्यात नाद करू नका. टोपीच्या कडा वर वळायच्या आधीच काढणी करा. उशीर झाला तर खोलीभर बीजाणूंची पांढरी धूळ बसते, आणि घरात कुणाला दमा असेल तर त्याला ती सोसत नाही.